एलवुडच्या शिंगातली दारू

१

सव्वीस डिसेंबरच्या सकाळी एलवुड हेप्नरच्या बंदुकीचा बार उडाला नाही, आणि दुपारच्या जेवणाआधी अख्ख्या खोऱ्यानं ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचं डोकं कामातून गेलं.

बातमी माझ्या दुकानात आणली ती त्याच्या जावयानं. लमारच्या पोटात काही राहत नाही. बुटांवरचं बर्फ झटकायच्या आधीच त्यानं आपल्या पॅपची, म्हणजे सासऱ्याची, कहाणी सुरू केली.

"पाद्रीबाबा समोर उभा होता, लॉविना. अगदी समोर. पॅपनी नेम धरला, चाप ओढला. रंजक पेटली, फुर्र झालं, आणि पुढं काही नाही. पुन्हा रंजक भरली, पुन्हा फुर्र. तोवर पाद्रीबाबा टेकडीपलीकडं."

पाद्रीबाबा म्हणजे गळ्याला पांढरा पट्टा असलेलं मोठं नर हरीण. तीन हिवाळे ते आमच्या लोकांना गुंगारा देत होतं. एलवुडनं आणि माझ्या नवऱ्यानं, हार्लननं, त्याच्या मागं निम्मा डोंगर पायाखाली घातला होता.

"मग झालं काय?" मी विचारलं.

"होणार काय? दारू घालायलाच विसरले. नुसती गोळी ठासून बसले होते." लमारनं टोपी काढून डोकं खाजवलं. "वाईट वाटतं गं. पण शेरिल म्हणते, ठरलं ते ठरलं."

आमच्याकडं पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांचा हंगाम लागतो. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकेवर पडते, आणि रंजकेची आग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, आत शिरून नळीतली दारू पेटवते. बाहेर रंजक पेटली आणि आत बार झाला नाही, तर आत दारूच नाही असं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं लमारला मी खोटं पाडू शकले नाही.

आणि ठरलं होतं ते असं; मलाही ते त्याच दिवशी लमारनं सांगितलं. वसंतात एलवुडची बायको फर्न गेली. ऑक्टोबरात त्यानं चुलीवर कढई ठेवली आणि विसरला. खिडकीचा पडदा जळला. त्याच्या मुलीनं, शेरिलनं, त्याच संध्याकाळी त्याच्याकडून शब्द घेतला: यापुढं अशी एक जरी चूक झाली तर घर सोडायचं आणि खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात राहायला जायचं. एलवुडनं हातावर हात दिला होता. आमच्या खोऱ्यात हात दिल्यावर वकील लागत नाही. म्हणजे त्या सकाळी हुकलं ते नुसतं हरीण नव्हतं, म्हाताऱ्याचं घर हुकलं होतं.

लमार गेला आणि थोड्या वेळानं एलवुड आला. एक्याऐंशी वर्षांचा, काठीसारखा सरळ माणूस. त्या दिवशी मात्र दाराशी उभा राहून आत येऊ की नको असं करत होता. खांद्याला बंदूक, कमरेला बंदुकीची दारू भरून ठेवायचं पोकळ शिंग.

"लॉविना, अजून भरलेलीच आहे," तो म्हणाला. "वाटीतली रंजक झटकलीय. बाकी कुणाला हात लावू दिला नाही. एवढंच बघून सांग, मी दारू घातली होती की नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"सकाळपर्यंत शपथेवर सांगितलं असतं. आता नाही सांगता येत."

मी दुकानाला कडी घातली. गजाला पेच लावून गोळी ओढून काढली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि नळी तिरकी केली. सर्रकन दारू कागदावर पडली. पूर्ण माप. एलवुडनं डोळे मिटून घेतले, आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारणार तेवढ्यात माझा हात हवेतच राहिला.

ती मी विकलेली दारू नव्हती.

२

काळी दारू मी चाळीस वर्षं विकतेय. माझ्या दुकानात फळीवर नाही ठेवत. मागच्या अंगणात लोखंडी पेटी आहे, तिची किल्ली माझ्या गळ्यात. खरी काळी दारू चकाकते, ताज्या कोळशासारखी. कागदावर पडलेली दारू करडी होती, राखेची झाक असलेली.

ती बदली दारू होती, काळीऐवजी वापरतात ती. टोपीच्या बंदुका, म्हणजे चकमकीऐवजी स्फोटक टोपीनं पेटणाऱ्या, वापरणारे लोक ती घेतात, कारण ती फळीवर ठेवता येते आणि तिला परवाने कमी लागतात. टोपीच्या आगीनं ती छान पेटते. चकमकीच्या बंदुकीत मात्र रंजकेची झुळूक तिला पुरत नाही. मी चिमूटभर झाकणावर ठेवून तिच्यावर गारगोटी झाडली. ठिणग्या पडल्या आणि विझल्या. मग काडी लावली, तेव्हा भसकन पेटली.

"तुम्ही काही विसरला नव्हतात," मी म्हणाले. "कुणीतरी तुमच्या शिंगातली दारू बदललीय."

एलवुड खुर्चीत बसला. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्यानं कागद आपल्याकडं ओढला.

"माझ्या घरात येऊन?" तो म्हणाला.

हा प्रश्न मलाही टोचला, कारण ती दारू त्याच्यापर्यंत कशी पोचली हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. दर शरदात आम्ही सगळे मिळून एकत्र मागणी नोंदवतो. स्फोटक मालाची गाडी चार डब्यांसाठी डोंगर चढत नाही, म्हणून सगळ्यांचं एकदमच. यंदा गाडी आलीच नाही. ज्यांच्याकडं मागची शिल्लक होती ते निवांत राहिले. नाताळच्या आधीच्या शनिवारी माझ्या पेटीत एकच डबा उरला होता आणि शिंगं रिकामी होती दोघांची: एलवुडचं आणि माझ्या नवऱ्याचं. हार्लननं आपली सगळी दारू सप्टेंबरच्या नेमबाजीच्या मेळाव्यात उडवून टाकली होती.

त्याच वेळी शहरातला एक माणूस दुकानात आला, कोऱ्या जाकिटावर किमतीची चिठ्ठी तशीच. "काळी दारू आहे का?" मी नाही म्हटलं. त्याला मागच्या खिडकीतून पेटी दिसत होती, तो हटेना. तेव्हा हार्लन हसून म्हणाला, "मित्रा, वेळ घालवू नकोस. ही अनोळखी माणसाला दारू विकत नाही. माझ्याशी लग्न केल्यावरही वर्षभर विकली नव्हती." दुकानभर हशा पिकला.

आणि मग त्या हशातच हार्लन म्हणाला, "तो डबा एलवुडला दे. त्याचे हंगाम किती उरलेत? माझं काय, पुढच्या वर्षी बघू."

 एलवुडनं त्याचा खांदा दाबला. मी डबा देताना नवऱ्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, छत्तीस वर्षांपूर्वी तू फार वाईट निवड केली नव्हतीस, लॉविना.

रविवारी एलवुडनं आमच्या मागच्या अंगणात त्याच शिंगातल्या दारूचे तीन बार काढले. तिन्ही खणखणीत. म्हणजे दारू बदलली ती रविवारनंतर आणि सव्वीसच्या पहाटेच्या आधी. मधल्या दिवसांत शिंग त्याच्या मागल्या दाराजवळच्या खुंटीला होतं. तो बर्फामुळं घराबाहेर पडला नव्हता, आणि घरात कोण आलं होतं? नाताळच्या जेवणाला आम्ही. शेरिल, लमार, हार्लन आणि मी.

"कुणाला सांगू नकोस," एलवुड म्हणाला. "घरच्यांनाही नको. आधी कोण ते कळू दे. नाहीतर म्हणतील, म्हातारा स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतोय."

"शेरिल कधी नेणार आहे तुम्हाला?"

"नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. खोकी आणून ठेवलीत तिनं."

मी शिंग उजेडात धरलं. एक टोक अरुंद, तिथं बूच. दुसऱ्या रुंद टोकाला अक्रोडाच्या लाकडाची तबकडी, कडेनं मेण भरलेलं. बघणाऱ्याला वाटावं ती खिळ्यांनी कायमची बसवलीय. पण खिळे नुसते शोभेचे. तबकडी आट्यांची आहे, फिरवली की निघते.

मेणाची कड ताजी होती. एका जागी अंगठ्याचा दाब अजून दिसत होता. मी ते नाकाशी नेलं आणि लगेच खाली ठेवलं.

"काय गं?" एलवुडनं विचारलं.

"काही नाही. सर्दी झालीय," मी म्हणाले.

३

शेरिलकडं मी दुसऱ्या दिवशी गेले ते फर्नची केकची भांडी परत करायचं निमित्त करून. ती बापाच्या स्वयंपाकघरात कपबशा कागदात गुंडाळत होती. बाप आत झोपला होता.

"तू मला समजावायला आली असशील तर नको समजावूस," ती म्हणाली. "अर्ध्या गावानं समजावून झालंय."

"मी भांडी द्यायला आलेय."

"मग ठेव आणि बस." तिनं मला कॉफी दिली.  "मला काय हौस आहे? मी इथंच वाढलेय. पण एके दिवशी फोन येईल आणि कुणीतरी सांगेल, घर जळालं, आत पॅप होते. मला झोप लागत नाही, लॉविना."

"बंदुकीचं एवढं काय? कुणीही विसरेल."

"ते नाही विसरत. तेच तर. चूल विसरले, माझा वाढदिवस विसरले, ठीक आहे. बंदूक विसरले म्हणजे संपलं."

मी सहज खुंटीकडं बोट केलं. "तूच का नाही बंदूक नि शिंगं उचलून नेत? सगळा प्रश्नच मिटेल."

"मी नाही हात लावत त्या वस्तूंना. लहानपणी दोन्ही शिंगांतलं भेसळलं म्हणून मार खाल्लाय. आजही मला कळत नाही मोठ्यात काय असतं आणि छोट्यात काय."

मी कॉफी संपवली. मोठ्या शिंगाशेजारी त्याच पट्ट्याला छोटं शिंग लटकतं, रंजकेचं. ज्यानं हे केलं त्यानं छोट्याला बोट लावलं नव्हतं, म्हणून तर बाहेर फुर्र झालं. ज्याला दोन्हींतला फरक कळत नाही, तो दोन्ही बदलील किंवा पाणी ओतून मोकळा होईल. शेरिलला बापाला हलवायचं होतं, हे ती तोंडावर सांगत होती. लपूनछपून काही करायची तिला गरजच नव्हती.

लमार अंगणात बर्फ लोटत होता. त्याच्याबद्दल मात्र माझं मन साफ नव्हतं. बदली दारू तो माझ्याकडूनच घेतो. त्याची बंदूक नव्या धर्तीची, आणि हे घर विकायला निघालं तर गिऱ्हाईक कोण आणील हेही तो उन्हाळ्यापासून बोलत होता.

"लमार, या हंगामात तू सासऱ्याची जुनी बंदूक का नाही चालवत?"

"कशाला? माझीच चालवली असती, पण कायदा आडवा येतो. चकमकच हवी म्हणे." तो फावड्यावर टेकला. "बंदूक ती बंदूक. माझ्या दारूच्या वड्या पॅपच्या बंदुकीत टाकल्या असत्या तर काय फरक पडला असता, सांग."

"बार उडाला नसता."

"चल. थट्टा करतेस."

तो खरंच हसत होता. त्याला माहीत नव्हतं. आणि त्याच्या वड्या, दाबून केलेल्या, बोटाच्या पेरासारख्या. त्या कुटून शिंगात भरायच्या म्हटलं तर भुगा होतो, एक दाणा मोठा, एक पीठ. माझ्या कागदावर पडलेले दाणे चाळल्यासारखे एकसारखे होते, बाटलीतून सरळ ओतलेले; तशा बाटल्या माझ्याच फळीवर असतात. ज्यानं ते भरले त्याला ठाऊक होतं की चकमकीनं हे पेटणार नाही. शिवाय त्यानं वाळू घातली नव्हती, पाणी घातलं नव्हतं; नळी फुटेल, हात जाईल असं काहीही केलं नव्हतं. त्याला एलवुडला इजा करायची नव्हती. बंदुकीचीही त्याला काळजी होती.

आणि त्याला तबकडी फिरवता येत होती.

मी गाडीत बसले, पण किल्ली लावायला बराच वेळ लागला. ते शिंग वीस वर्षांपूर्वी माझ्या घरच्या माळ्यावर बनलं होतं. आटे पाडले ते हार्लननं. आणि मेणाचा वास मी नाकाशी धरला तेव्हाच ओळखला होता: मधमाशीचं मेण, चरबी आणि विंटरग्रीनच्या पाल्याचं तेल. ते माझ्याच चुलीवर, माझ्याच जुन्या कढईत उकळतं.

४

घरी हार्लन बटाटे सोलत होता. मी कोट न काढताच बसले.

मनाशी मी वाद घालत होते. मेण काय, हार्लन ते सगळ्यांना वाटतो. एलवुडकडंही त्याची डबी असेल. तबकडीचं एलवुडला स्वतःलाही माहीत आहे. त्यानंच कधीतरी उघडून बंद केली असेल. ज्या माणसानं स्वतःचा डबा सोडला तो असं का करील? मला कारण सापडत नव्हतं, आणि कारण सापडत नाही याचा मला मनापासून आनंद होत होता.

नाताळच्या दिवशी तो लाकडं आणायला मागल्या दारानं गेला होता. बराच वेळ आला नाही. शेरिलनं थट्टाही केली होती, "झाड तोडतोय की काय?" तो नाक लाल करून आला आणि दोनच ओंडके आणले. हे मला तेव्हा दिसलं होतं. आठवलं मात्र आता.

"हार्लन, एलवुड दारू घालायला विसरेल असं तुला वाटतं?"

बटाट्याची साल लांबलचक निघत होती. ती तुटली नाही.

"वय झालं त्याचं," तो म्हणाला.

"एवढं?"

"माणूस थकतो, लॉविना. आपणही थकू." त्यानं बटाटा पाण्यात टाकला. "उद्या मी त्याची खोकी भरायला जातोय. लमारला एकट्याला कपाटं हलणार नाहीत."

त्याच्याशी मी छत्तीस वर्षं एका ताटात जेवलेय. तो खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज मऊ होतो. त्या दिवशी तो लोण्यासारखा मऊ होता.

तरीही मी काही बोलले नाही. एलवुडला शब्द दिला होता, हे एक. आणि दुसरं, विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

एकतीसला त्यानं आपली बंदूक पुसायला घेतली. आमच्या खोऱ्यात नवीन वर्षाच्या सकाळी माणसं बंदुका घेऊन घरोघर फिरतात. दारात उभं राहून जुन्या बोलीत घराला शुभेच्छा म्हणायची आणि गोळी न घालता नुसत्या दारूचा बार काढायचा. ज्याच्या दारात बार फुसका गेला त्याचं वर्ष वाईट जातं असं मानतात. शुभेच्छा म्हणायचा मान कितीतरी वर्षं हार्लनकडं आहे.

"तुझ्याकडं तर दारू नाही," मी म्हणाले. "बार कशानं काढणार?"

"ओलिनकडून घेईन चिमूटभर."

"हो. ओलिन देईल," मी म्हणाले आणि दिवा मालवायला उठले. शेजारच्या ओलिनकडं मागची शिल्लक होती, एवढं साधं उत्तर होतं.  त्या रात्री मी शांत झोपले, याचा राग मला अजून येतो.

५

एलवुडचं घर रांगेतलं शेवटचं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या वर आला होता आणि आतून डुकराच्या मांसाचा आणि आंबवलेल्या कोबीचा वास येत होता. ओसरीवर खोकी रचलेली. एकेकावर हार्लनच्या अक्षरात लिहिलेलं: कपबशा, फर्नच्या रजया, पुस्तकं.

आधीच्या घरांत हार्लन फक्त शुभेच्छा म्हणत आला होता; बार बाकीच्यांनी काढले होते. इथं मात्र म्हणणाऱ्यानंच बार काढायचा, असं तो म्हणाला. एलवुडचं या घरातलं शेवटचं नवं वर्ष होतं.

एलवुड दारात येऊन उभा राहिला. मागं शेरिल, लमार. हार्लननं टोपी काढली आणि म्हणायला सुरुवात केली. या घराच्या उंबऱ्याला सुख लाभो, या चुलीला आग, या टेबलाला भाकरी, या माणसाला जुने मित्र. आवाज भरून आला होता त्याचा. दोन बायकांनी डोळे पुसले.

माझ्या शेजारी ओलिन उभा होता, गालात तंबाखू धरून. मी हळूच म्हणाले, "बरं केलंस, त्याला दारू दिलीस ते."

"कुणाला?"

"हार्लनला."

"मला कुठं मागितली त्यानं?" ओलिन म्हणाला.

हार्लननं नळी आकाशाकडं केली आणि चाप ओढला.

रंजक आणि बार यांत फट पडली नाही. दणका डोंगरावर जाऊन परत आला. पांढरा धूर ओसरीवर उतरला आणि त्याच्यासोबत तो सडक्या अंड्यांचा वास, जो फक्त खऱ्या काळ्या दारूचा असतो. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पायरीचा कठडा धरला होता.

चकमकीची बंदूक. बदली दारूनं ती बोलली नसती. माझी पेटी रिकामी होती, गाडी आली नव्हती, त्याचं शिंग सप्टेंबरपासून कोरडं होतं आणि ओलिननं दिली नव्हती; दुसऱ्या कुणाकडून घेतली असती तर माझ्याशी खोटं बोलायची गरज नव्हती. खोऱ्यात त्याच्या हाताशी येईल अशी खरी दारू एकाच ठिकाणी होती. टाकून दिली असती तर मला कधीच काही सिद्ध करता आलं नसतं. पण आमच्या माणसांकडून खऱ्या दारूचा एक दाणा टाकवत नाही. यंदाच्या टंचाईत तर नाहीच. आणि मित्राच्या दारात फुसका बार काढणं त्याला जमलं नव्हतं.

एलवुडनं धुराचा वास घेतला. टाळ्या थांबल्यावर तो म्हणाला, "झकास बार. दारू कुठून घेतलीस, हार्लन?"

"ओलिनकडून."

"माझ्याकडून?" ओलिन भाबडेपणानं म्हणाला. "नाही बुवा."

 एलवुड आत गेला आणि हातात शिंग आणि मी त्या दिवशी ते दाणे बांधून दिलेली वर्तमानपत्राची पुडी घेऊन आला. पुडी त्यानं खोक्यावर उघडली, कपबशांच्या खोक्यावर.

"हे माझ्या नळीतून निघालं, शेरिल," तो म्हणाला. "त्या दिवशी मी दारू घातली होती. फक्त ती माझी नव्हती. लॉविना, तू सांग यांना."

मी सांगितलं. थोडक्यात. नवऱ्याकडं न बघता. लमारनं पुडीतले दाणे बोटावर घेतले आणि म्हणाला, "म्हणजे खरंच पेटत नाही हे?" 

हार्लन पायरीवर बसला. बंदूक त्यानं गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"तुझा हात सुद्धा दुखावू नये असं बघून केलं मी," तो म्हणाला. "डबा तुला देऊन टाकला, सगळ्यांसमोर. घरी गेल्यावर... तीन वर्षं मीही त्याच्या मागं होतो, एलवुड. तू मारलंस तर पुन्हा तसं हरीण मला दिसायचं नाही. नुसतं फुर्र व्हावं आणि तो पळून जावा, एवढंच. मग पुढच्या वर्षी माझ्याकडंही दारू असेल, आणि दोघंही बरोबरीनं जाऊ."

"मग त्या शनिवारी डबा स्वतःकडंच ठेवायचा होतास."

"सगळे बघत होते."

"शेरिलला मी काय शब्द दिला होता, तुला माहीत होतं?"

"नव्हतं. देवाशपथ नव्हतं. सव्वीसला लमारनं सांगितलं तेव्हा कळलं."

"आणि कळल्यावर?" एलवुडनं विचारलं.

हार्लन बंदुकीच्या चापावरून अंगठा फिरवत राहिला.

"कळल्यावर तू माझी खोकी भरलीस," एलवुड म्हणाला. "फर्नच्या रजया घड्या घालून ठेवल्यास. मला म्हणालास, तिथं ऊब असते, बरं असतं. हरणाचं जाऊ दे रे. हरीण मीही सोडलं असतं तुझ्यासाठी, मागितलं असतंस तर. पण इतके दिवस मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. चूल बंद आहे का बघायला रात्री उठत होतो, परत उठत होतो. बाथरूममध्ये स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणून बघत होतो. ते तू बघत होतास."

शेरिलनं वरच्या खोक्याची चिकटपट्टी ओढून काढली. एक एक कप काढून कागद सोडवायला लागली, तिथंच, ओसरीवर, थंडीत. "पॅप, आत चला," ती म्हणाली. "कोबी करपेल."  मग सगळे एकेक करून आत गेले. हार्लनला कुणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं, जसं एवढ्या वर्षांत चुकल्यावर बघायचा, मी हसून सोडून देईन म्हणून.

"तू मला अभिमान वाटू दिलास," मी म्हणाले. "त्या शनिवारी. आणि नंतरही वाटू देत राहिलास."

"लॉविना, मी..."

मी आत गेले आणि जेवले. कोबी खरंच थोडा करपला होता.

६

हंगाम संपायला थोडे दिवस असताना गाडी आली. दुकानात मोठी रांग लागली. मी पेटी उघडून एकेकाला डबा देत होते.

एलवुड पहिला. तो अजून त्याच घरात राहतो. शेरिलनं चुलीला आपोआप बंद होणारी कळ बसवून घेतलीय, आणि त्यावरून दोघं रोज भांडतात. डबा घेताना तो नेहमीसारखं बोलला, थंडीबद्दल, गुडघ्याबद्दल. रांगेच्या शेवटाकडं त्यानं बघितलं नाही. पाद्रीबाबा त्याला पुन्हा दिसला नाही. कुणालाच दिसला नाही.

हार्लन रांगेत होता. घरात आम्ही एकमेकांना मीठ दे, दार लाव एवढं बोलतो. सकाळी त्यानं विचारलंही नव्हतं, घरूनच डबा नेऊ का म्हणून. सगळ्यांसारखा रांगेत उभा राहिला. मला वाटतं, त्याला वाटलं असावं की चारचौघांत मला नाही म्हणता येणार नाही. त्या शनिवारी त्याला स्वतःलाही चारचौघांत हात आखडता घेता आला नव्हता.

त्याची पाळी आली. त्यानं काउंटरवर दोन्ही हात ठेवले. नखांच्या कडेला ते मेण होतं.

"एक डबा," तो म्हणाला, मऊ आवाजात.

 मी त्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. भुवईवरचा व्रण, उजव्या गालावर दाढीचा सुटलेला केस, सगळं पाठ होतं मला.

"अनोळखी माणसाला मी दारू विकत नाही," मी म्हणाले.

त्यानं काउंटरवरचे हात उचलले आणि तो बाजूला झाला. मी त्याच्या मागच्या माणसाला विचारलं, काय हवं.